इयत्ता तिसरीचं धान

कॉन्व्हेंटच्या तिसरीत पोरांना काय शिकवतात, असं मला कुणी जूनमध्ये विचारलं असतं, तर मी त्याला खुर्ची देऊन बसवलं असतं आणि सगळं सांगितलं असतं. बारापर्यंतचे पाढे, जोडून लिहायची इंग्रजी अक्षरं, डबा उघडण्याआधीची प्रार्थना, पत्रलेखन आणि मोठी माणसं बोलत असताना मध्ये न बोलणे. आता कुणी विचारलं तर मला एकदम गॅसचा नंबर लावायची आठवण होते आणि मी उठतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आमच्या भंडाऱ्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच. मागे पिठाची गिरणी आणि पुढे दोन खोल्या असल्या तरी पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलेलं असतं. पण आमची टीना जाते ते खरंखुरं कॉन्व्हेंट आहे. तिथं सिस्टर आहेत, छोटं चर्च आहे, घंटा आहे, आणि गेटवर असा चौकीदार आहे की पालकसुद्धा शर्टाची बटणं चाचपून आत जातात. टीनाला तिथं प्रवेश मिळाल्यापासून मी रस्त्यानं जरा ताठ चालतो असं माझी बायको रुपा म्हणते. पाठीचं दुखणं आहे असं मी तिला सांगतो.

जुलैच्या पालकसभेत टीनाच्या वर्गशिक्षिका सिस्टर जसिंता यांनी प्रकल्प जाहीर केला. सिस्टर झारखंडकडच्या. बुटक्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प बसतो. प्रत्येक मुलानं घरी एक रोप वाढवायचं, दर शुक्रवारी पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं आणि ऑक्टोबरच्या प्रदर्शनात आणायचं. "बच्चे जो देखेंगे, वही लिखेंगे," सिस्टर म्हणाल्या. "जो मम्मी-पापा बोलेंगे, वो नहीं."

बाकीचे पालक शहाणे होते. कुणी मेथी म्हणाले, कुणी मूग, कुणी झेंडू. मला कुणीही काही विचारलेलं नव्हतं. तरी मी उभा राहिलो.

"सिस्टर, आम्ही धानवाले लोक. आमची टीना धान लावेल."

"आप खेती करते हैं?"

"खून में है, सिस्टर," मी म्हणालो, आणि चार बायांनी मागे वळून पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

रक्तात असेलही. पायाला चिखल कधी लागला नाही. माझे वडील यादोराव कापगते लाखांदूरजवळच्या आमच्या गावात आजही सहा एकर धान करतात. पण मी लहानपणी अभ्यासात बरा निघालो आणि तिथंच घोटाळा झाला. गावात रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायची घाई लागली, की मी खाटेवर पुस्तक घेऊन बसलेला असायचो. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायला निघालो तर बाबा ओरडायचे, "तू कायले येतं गा चिखलात? तू वाच!" मी वाचलं. वाचून वाचून कृषी खात्यात कारकून झालो. दर जुलैला शेतकऱ्यांसाठी 'धानातील तण ओळखा' नावाचं पत्रक निघतं, ते अकरा वर्षं मीच टाइप करतो. टाइप करणाऱ्याला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पण टीनाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं त्याच आठवड्यात 'माय फादर' या निबंधात लिहिलं की माझे पप्पा धानाचे तज्ज्ञ आहेत. सिस्टरांनी तो वर्गात वाचून घेतला. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं तेव्हा ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती, तशी नजर ऑफिसात अकरा वर्षांत कुणी टाकलेली नाही. ती नजर मला सोडवेना. पुढचं सगळं त्या नजरेपायी झालं.

पहिला अडथळा बियाण्याचा. मी कृषी केंद्रात जाऊन मूठभर धान मागितलं.

"मूठभर?" दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. "भाऊ, थैली सीलबंद राहते. फोडली का टॅग गेला. टॅग गेला का मी गेलो."

"मुलीच्या शाळेसाठी पाहिजे हो."

"मग शाळेचं पत्र आणा. शिक्का मारून."

मी स्वतः शिक्क्यांवर जगणारा माणूस. मला राग यायचं कारण नव्हतं, पण आला. दोन दिवसांनी मी शिक्क्याचं पत्र घेऊन गेलो. त्यानं ते आदरानं फाइलला लावलं आणि म्हणाला, "आता कंपनीच्या माणसाले विचारतो. तो दिवाळीच्या आधी येईन."

शेजारचे तेजरामभाऊ मदतीला धावले. तेजरामभाऊ वरठीच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेले आहेत. इतकी वर्षं उंचावर बसल्यामुळे असेल, त्यांना खालच्या सगळ्या गोष्टी नीट दिसतात असा त्यांचा समज आहे. त्यांच्या दारावर चिमण्यांसाठी धानाच्या लोंब्यांची झालर टांगलेली होती. त्यातली एक लोंबी तोडून त्यांनी मला दिली. आम्ही दाणे भिजवले, कुंडीत टाकले, आठव्या दिवशी हिरवे कोंब वर आले. टीनानं वहीत 'तीन सेंटिमीटर' लिहिलं. नवव्या दिवशी समोरच्या वच्छलाबाईंच्या बकरीनं ते तीन सेंटिमीटर खाल्ले.

"बकरीनं खाल्लं म्हंजे चांगलं बियाणं होतं," वच्छलाबाईंनी मला धीर दिला. "माही बकरी खराब काही खातच नाही."

जुलै संपत आला. वर्गातल्या पोरांचे मूग वीतभर झाले होते. टीना शुक्रवारी पट्टी घेऊन रिकाम्या कुंडीजवळ बसली आणि वहीत तिनं शून्य लिहिलं. रुपा म्हणाली, "अजी, मामाजीले फोन करा ना. रोपाची एक जुडी एसटीनं पाठवतीन ते. कंडक्टरजवळ देतीन."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. सोपा उपाय होता. म्हणूनच तो मला करता येईना. बाबा दरवर्षी जुलैमध्ये फोन करतात, "दोन दिवस रोवण्याले येजो." मी दरवर्षी सांगतो की ऑफिसात तपासणी आहे. आमच्या ऑफिसची इतक्या वेळा तपासणी झाली असती तर आम्ही सगळे आज तुरुंगात असतो. यंदाही मी आठच दिवसांपूर्वी तपासणी सांगून बसलो होतो. आता कोणत्या तोंडानं त्याच माणसाला बादलीतल्या शेतीसाठी रोपं मागणार?

रविवारी मी रुपाच्या भावाला भंडारा रोडच्या स्टेशनवर सोडायला वरठीला गेलो. परत येताना रस्त्याच्या कडेला एक बांधी दिसली. रोवणा नुकताच झालेला, चिटपाखरू नाही. मी गाडी लावली. एखाद्या नैसर्गिक कामासाठी उतरलेला माणूस जसा इकडेतिकडे बघतो तसा बघितलं, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसून कडेची आठ रोपं उपटली. मधली उपटायला चिखलात उतरावं लागलं असतं आणि पायात नवे बूट होते. शिवाय कडेचीच रोपं जास्त उंच, जास्त हिरवी आणि जास्त तरतरीत होती. एवढी चांगली रोपं मालकानं रांग सोडून, आपल्याआपण उगवल्यासारखी कडेला का ठेवली असतील, हा प्रश्न धान करणाऱ्याच्या पोराला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी ती हेल्मेटमध्ये ठेवून घरी आणली.

"पप्पा, कुठून आणली?" टीनानं विचारलं.

"आबाजींनी पाठवली. खास."

टीनानं लगेच वही उघडली आणि जोडून लिहायच्या अक्षरांत ते लिहून टाकलं. लिहिलेलं खोटं पुसत नाही हे कारकुनाला वेगळं सांगायला नको.

मग टब आला, तळ्याची माती आली आणि सल्ला आला. तेजरामभाऊ म्हणाले, पाणी चार बोटं पाहिजे. वच्छलाबाई म्हणाल्या, दोन बोटं. दोघांची बोटं वेगवेगळ्या जाडीची असल्यामुळे बराच वेळ गेला. त्यानंतर कॉलनीबद्दल एक लक्षात आलं. आमच्या कॉलनीतला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेला आहे, प्रत्येकाचं घर धानाचं आहे, आणि प्रत्येकानं गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत. रोज संध्याकाळी पाचसात जण टबाभोवती उभे राहायचे. कुणी वाकून पान चोळायचं, कुणी वास घ्यायचं, आणि सगळे एकमतानं म्हणायचे, "असली धान!" एवढ्या जाणकारांनी एकाच गोष्टीला मान्यता दिल्यावर संशय घ्यायला माणूस खोडसाळच असायला हवा.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेच्या डास तपासणीच्या ललिताबाई बॅटरी घेऊन आल्या. त्यांनी टबात उजेड मारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःच चावतो.

"साचलेलं पाणी. ओता."

"ताई, धान आहे. पाणी ओतलं तर मरेल."

"अन् डेंग्यू झाला तं तुम्ही मरान. काय लिहू, तुमी मराले तयार हाव?"

शेवटी तडजोड झाली. पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. त्यासाठी अर्ज करायचा होता. अर्जात 'जलसाठ्याचा प्रकार' असा रकाना होता : विहीर, टाके, हौद, इतर. मी 'इतर' वर खूण करून 'शेती' लिहिलं. त्यावर तिथल्या साहेबांनी विचारणा केली की शेती असेल तर क्षेत्र हेक्टरमध्ये लिहावे. मी टब मोजला, भागाकार केला आणि दशांश चिन्हानंतर चार शून्यं लिहून मग आकडा लिहिला. आठ मासे मंजूर झाले. तेजरामभाऊंच्या मांजरीनं पहिल्याच दिवशी तीन काढले. टीनानं वहीत लिहिलं, 'पप्पा मांजरीवर ओरडले. मग मांजरीला सॉरी म्हणाले.' हे मी तिच्या आग्रहावरून म्हणालो होतो.

कारण तिसरीत आणखी एक गोष्ट शिकवत होते. टीनाच्या वर्गातली ख्रिस्ती मुलं धर्माच्या तासाला चर्चमध्ये जायची आणि बाकीच्यांना तेव्हा मूल्यशिक्षण असायचं. त्यात सिस्टरांनी सांगितलं होतं की संध्याकाळी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आठवायचं, आज मी कुणाला दुखावलं, आज मी कुणाशी खोटं बोललो. टीना हे आम्हा दोघांनाही करायला लावायची. रुपाला तेवढीच विश्रांती. मी मात्र एक डोळा किलकिला ठेवून टबाकडे बघत बसायचो.

एकदा टीनानं विचारलं, "पप्पा, रोझलिन म्हणते ते लोक चूक झाली की फादरला सांगतात. आपल्यात कुणाला सांगतात?"

"आपल्यात सांगत नाहीत," मी म्हणालो. "आपल्यात उपास करतात."

त्या गुरुवारी मी उपास केला. साबुदाणा जरा जास्त झाला, पण केला.

सप्टेंबरअखेर लोंब्या बाहेर आल्या. काळपट, जांभळट, कुसळं असलेल्या. क्षणभर मला शंका आली. पण तेजरामभाऊंनी चष्मा पुसला, लोंबी हातात घेतली आणि निकाल दिला. "काळं धान! कैलाश, हे शुगरवाल्याले लय चांगलं राहते. पेपरात येऊन राहिलं आजकाल." त्यांना स्वतःला शुगर असल्यामुळे त्यांनी एक वाटी तिथंच राखून ठेवायला सांगितली. काळ्या धानाची एक फाइल माझ्या टेबलावरून गेलेली मला आठवली आणि शंका निघून गेली. टीनाच्या तक्त्यावर रुपानं मोठ्या अक्षरांत लिहिलं : काळं धान. त्याखाली टीनानं लिहिलं : माझ्या आबाजींकडून.

आता पत्रलेखन. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सिस्टरांनी आभाराचं पत्र शिकवलं. नुसतं वहीत लिहायचं नाही, खरं लिहायचं, खऱ्या माणसाला, त्याला वाचता येईल अशा भाषेत, आणि पिनकोड घालून खऱ्या पेटीत टाकायचं. टीनानं कुणाला लिहिलं हे मला प्रदर्शनाच्या सकाळी कळलं. मी आणि तेजरामभाऊ टब ऑटोतून उतरवत होतो, तेवढ्यात गेटवर चौकीदाराशी कुणीतरी बोलत होतं.

"मी टीना कापगतेचा आजा होवो. मले बलावणं हाय."

बाबा. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, बगलेत कापडी पिशवी, आणि चौकीदारापुढे धरलेलं आंतर्देशीय पत्र. सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते. मी ते पत्र हातात घेऊन वाचलं. 'प्रिय आबाजी, तुम्ही पप्पांजवळ धानाची रोपं पाठवली त्याबद्दल आभारी आहे. ती फार उंच झाली. तुम्ही प्रदर्शनाला या आणि तुमच्या बांधीतलं एक रोप आणा. मला दोन्ही बाजूबाजूला ठेवून मोजायचं आहे.'

मी वर पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"मी कधी पाठवलो गा?" त्यांनी हळूच विचारलं.

 तेवढ्यात टीना धावत आली, आबाजींचा हात धरला आणि ओढत आत घेऊन गेली. मी मागून टब घेऊन चाललो होतो. टब जड आहे असं तेजरामभाऊंना सांगून मी तो वाटेत दोनदा खाली ठेवला.

सभागृहात तिसरीची बाकं ओळीनं लावली होती. मुगाशेजारी मूग, मेथीशेजारी मेथी, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून आमचं काळं धान. पालक येत होते, बघत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. टीना ताठ उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "माझे पप्पा तज्ज्ञ आहेत." मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. बाबा वाकले. त्यांनी पाच बोटांनी एक ठोंब धरला, अंगठा पानाच्या बगलेत घातला, वर-खाली फिरवला आणि अंगठा तिथंच थांबला. मग त्यांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि भिंतीवरच्या येशूच्या चित्राकडे बघू लागले.

तेव्हा मला कळलं. अकरा वर्षं टाइप केलेलं पत्रक एकदम, पहिल्यांदाच, मजकुरासकट डोळ्यांपुढे आलं. 'सावा : हे तण कोवळेपणी हुबेहूब धानासारखे दिसते व बहुधा धुऱ्यालगत आढळते.'

म्हणजे मी चोरी केली, ती गवताची. आणि तीन महिने त्याला मासे घालून वाढवलं.

सिस्टर जसिंता ओळीनं बघत बघत आमच्यापाशी आल्या. त्या टबापुढे थांबल्या. वाकल्या नाहीत, पान चोळलं नाही, वास घेतला नाही. नुसतं पाहिलं. त्यांच्या घरी सात भावंडं आणि सगळी रोपणीला जायची हे मला नंतर कळलं, पण त्यांची नजर पाहून मला तेव्हाच घाम फुटला.

"टीना, ये धान है?"

"येस सिस्टर! काळं धान. आबाजींनी पाठवलं."

सिस्टरांनी बाबांकडे पाहिलं. "दादाजी, ये धान है?"

माझ्या बाबांबद्दल एक सांगतो. त्यांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी झाकल्या असतील, पण धानाच्या बाबतीत नाही. सख्ख्या साडूच्या धानात भेसळ दिसली तर भर पंगतीत बोलणारा माणूस. त्या भांडणापायी दोन घरं अजून बोलत नाहीत. त्या माणसानं टीनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "होय जी. धान होय. मीच पाठवलो होतो."

त्यांचे कान लाल झाले होते. बहात्तर वर्षांचा माणूस, पन्नास लोकांपुढे, गवताला धान म्हणत होता, आणि ते कुणापायी तर जो दरवर्षी तपासणी सांगतो त्याच्यापायी. मला फार लाज वाटली. सिस्टरांनी "अच्छा" म्हटलं आणि पुढे पाऊल टाकलं. एवढ्यावर निभावलं असतं. टीनाला कधी कळलं नसतं, कॉलनीला कळलं नसतं, तेजरामभाऊंनी वाटीभर सावा शिजवून शुगर उतरली असंही सांगितलं असतं.

"सिस्टर," मी म्हणालो.  "धान नाही ते. गवत आहे. सावा."

 मूगवाल्यांच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या तोंडून मात्र आता सगळंच बाहेर पडू लागलं. बांधी वरठीची, रोपं चोरलेली, नवे बूट, हेल्मेट, बाबांना विचारलंच नाही, त्यांनी काही पाठवलं नाही, आणि मला धानातलं काहीही कळत नाही, मी नुसतं टाइप करतो. मध्येच मी मांजरीबद्दलही काहीतरी सांगितलं. तेजरामभाऊ एक एक पाऊल मागे सरकत सभागृहाच्या बाहेर गेले.

मी टीनाकडे बघितलं. ती नजर गेली असणार याची माझी खात्री होती.  तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दप्तरातून पेन्सिल काढली, तक्त्यावरच्या 'काळं धान' वर पट्टी ठेवून नीट सरळ रेघ मारली आणि विचारलं, "सावाचं स्पेलिंग काय, सिस्टर?"

सिस्टरांनी सांगितलं. टीनानं लिहिलं. मग 'माझ्या आबाजींकडून' वर रेघ मारून तिथं 'वरठीच्या बांधीतून, न विचारता' असं लिहिलं. ती रडत होती, पण अक्षर सुंदर आलं होतं.

"दादाजी," सिस्टर जसिंता बाबांना म्हणाल्या, "आप असली धान लाए हैं?"

बाबांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप काढलं. त्यांचा आवाज आता मोकळा झाला होता. "पोट्टे हो, या इकडं. कोण म्हणते दोन्ही सारखं दिसते?" त्यांनी दोन्हींच्या लोंब्या खुडून टाकल्या. "लोंबी पाहून तं आंधळाही वळखन," ते म्हणाले, आणि हे माझ्याकडे न बघता म्हणाले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. धानाच्या पानाच्या बगलेत पातळ पांढरी साल उभी असते आणि बारीक केस असतात. साव्याची बगल गुळगुळीत. डोळे मिटायचे, अंगठा फिरवायचा आणि सांगायचं कोणतं धान. गावची पोरं चार-पाच वर्षांची असताना हे शिकतात, असंही ते म्हणाले.

अख्खी तिसरी मूग आणि मेथी सोडून बाबांपुढे रांगेत उभी राहिली. सिस्टरांनी हात वर करताच सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एक एक पोरगं पुढे जाऊन डोळे मिटायचं, अंगठा फिरवायचं आणि ओरडायचं, "हे धान!" आणि बाबा म्हणायचे, "शाबास! जाय." चुकलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. टीनाचा नंबर आला. तिनं डोळे पुसले, मिटले आणि पहिल्याच झटक्यात बरोबर सांगितलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.

"टीना, अगं मी..."

"पप्पा, बोट."

मी ओठांवर बोट ठेवलं. पुढे कंबरेएवढी पोरं. कडेला पालक, त्यांच्यात आमच्या ऑफिसातल्या साहेबांची बायको. मूगवाल्यांनी पुन्हा मोबाईल काढले होते. रांग सरकत गेली आणि मी बाबांसमोर पोचलो. इतक्या जवळ, इतक्या सरळ मी त्यांच्यापुढे कधी उभा राहिलो होतो, आठवेना. खाटेवर बसून पुस्तकाआडून पाहिलेलंच आठवलं. मी डोळे मिटले. त्यांनी माझा अंगठा धरून एका पानाच्या बगलेत ठेवला, मग दुसऱ्या. त्यांचा हात खरखरीत होता. माझ्या अंगठ्याला दोन्हीकडे सारखंच लागलं. फाइली उलटणारा अंगठा, त्याला काय कळणार! शेजारून टीनाचा श्वास ऐकू येत होता. तिला उत्तर माहीत होतं. ती सांगणार नव्हती. कॉन्व्हेंटची शिस्त.

"हे," मी म्हणालो. "हे धान."

 मी डोळे उघडले. बाबांच्या हातात सावा होता. माझ्यासाठी ते एकदा खोटं बोलले होते. दुसऱ्यांदा बोलणार नव्हते.

"नाही गा," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. "जाय, पुन्हा लाईनीत लाग."

मी गेलो आणि शेवटी उभा राहिलो. माझ्यापुढे आता फक्त एक मुलगा होता. त्याचंही चुकलं होतं. तो मागे वळला, त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओठांवरचं बोट न काढता जरा सरकून मला जागा करून दिली.